सप्टेंबरातला चैत्र

सासरे आमच्याकडे ऑकलंडला पहिल्यांदा आले ते जून महिन्यात, ऐन थंडीत. आदल्या दिवाळीनंतर सासूबाई गेल्या होत्या आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये बाबा एकटेच उरले होते. नणंद जवळच राहायची. ती रोज डबा पोचवायची आणि फोनवर माझ्या नवऱ्याला सांगायची, "दादा, आजही डबा अर्धा परत आला." शेवटी आम्ही व्हिसाचं सगळं केलं आणि त्यांना बोलावून घेतलं. २०१५ साल होतं ते.

आम्ही हेन्डरसनमध्ये भाड्याच्या लाकडी घरात राहत होतो. पुढे उतरता ड्राइव्हवे, मागे गवताचा तुकडा, कुंपणालगत लिंबोणीचं एक झाड. नवरा २०११ मध्ये शिकायला म्हणून आला आणि मग इथेच इंजिनिअर म्हणून लागला. मी पेनरोजला एका मोठ्या गोदामात मालाचं नियोजन बघायचे. मुलगी इथलीच, तेव्हा नुकती किंडीत, म्हणजे बालवाडीत, जायला लागलेली. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतून यायचं.

बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर घराजवळच्या बागेत रोज सकाळी योगासनांचा वर्ग घ्यायचे, फुकट. ताठ बसणारा, कमी बोलणारा माणूस. लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा मला त्यांचा धाकच वाटायचा. मला काही सांगायचं असलं तर ते सासूबाईंना सांगायचे आणि मला काही विचारायचं असलं तर मीही सासूबाईंनाच विचारायचे. आम्हा दोघांच्या मधल्या त्या दुभाषी होत्या म्हणा ना. त्या गेल्या आणि आम्हाला एकमेकांशी बोलायची भाषाच उरली नाही.

विमानतळावर जे बाबा बाहेर आले ते मला ओळखू येईनात. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झालेली, खांदे पुढे पडलेले. घरी आल्यावर त्यांनी लाउंजमधली हीटरजवळची खुर्ची धरली ती धरलीच. मफलर गुंडाळून, काचेवर जमलेल्या बाष्पाकडे बघत बसायचे. बाहेर ऑकलंडचा हिवाळी पाऊस, तासातासाला थांबणारा आणि पुन्हा सुरू होणारा. मी सकाळी कामाला जाताना ते ज्या खुर्चीत दिसायचे त्याच खुर्चीत संध्याकाळी.

"बाबा, आसनं करत नाही का हल्ली?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"बघू," ते म्हणाले.

सगळ्याला ते बघूच म्हणायचे. जेवता का, बघू. फिरायला येता का, बघू. मुलगी त्यांच्या गुडघ्यावर कोडी मांडायची आणि ते तिच्या केसांवर हात ठेवून भलतीकडेच बघत राहायचे.

ऑगस्ट संपता संपता हवा बदलली. रस्त्यापलीकडच्या घरासमोरचं प्लमचं झाड एका आठवड्यात पांढरं झालं. कोवाईच्या झाडांना पिवळी फुलं लटकायला लागली आणि त्यांतला मध प्यायला तुई पक्ष्यांची भांडणं. सगळ्यांना हा ऋतू आवडतो. मला मात्र पहिल्या वर्षापासून त्याची धास्ती बसलेली, कारण वसंत आला की माझं हे-फीव्हर सुरू व्हायचं. नाक चोंदलेलं, डोळे लाल, डोकं जड. रोजची गोळी घेऊन मी गोदामात पेंगत काम करायचे. हिवाळाभर कामावरच्या कँटीनमधल्या बटाटा-चीजच्या पाई आणि घरी उशिरा केलेले तळणाचे प्रकार खाऊन अंगही सुस्त झालेलं असायचं.

एका सकाळी सलग शिंकांमुळे माझ्या हातातला चहा सांडला. खुर्चीतून आवाज आला.

"दर वर्षी होतं हे?"

मी चमकून बघितलं. बाबांनी आपणहून विचारलेला तो बहुधा पहिला प्रश्न.

"हो. झाडं फुलली की."

"कफ आहे. थंडीत साठलेला. ऊन आलं की पातळ होतो." ते उठले, काचेवरचं बाष्प तळव्याने पुसलं आणि पहिल्यांदाच नीट बाहेर बघितलं. "अगं, हा तर वसंत आहे."

"सप्टेंबर आहे बाबा. तिकडे गणपती येतील आता."

"येतील ना. पण इथली झाडं चैत्र म्हणतायत." आणि मग स्वतःशीच, "मग शोधन केव्हा करायचं? भिंतीवरच्या कालनिर्णयाप्रमाणे की या झाडाप्रमाणे?"

शोधन म्हणजे त्यांची दर वर्षीची वसंतातली शरीरशुद्धी. फाल्गुन-चैत्रात ते पंधरवडाभर हलकं खायचे, सुंठीचं पाणी प्यायचे, नाक पाण्याने धुण्याची नेती आणि पोट साफ करायचं कुंजल करायचे. लग्नानंतरच्या दोन-तीन चैत्रांत मी ते लांबून बघितलं होतं. आता त्यांनी पुण्याच्या एका जुन्या वैद्य मित्राला फोन लावला आणि बराच वेळ आत जाऊन बोलले. बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर काहीतरी ठरल्यासारखं होतं. "तो म्हणतो, झाडांचं ऐक," एवढंच म्हणाले.

पुढच्या शनिवारी नवरा गाडी सर्व्हिसिंगला घेऊन गेला होता. मी मुलीला घेऊन कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेले. परत वळले तर आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी ॲम्ब्युलन्स उभी. दुधाची बाटली मी तिथेच खाली ठेवली, मुलीला उचललं आणि धावत घराच्या मागे गेले.

बाबा मागच्या पायरीवर बसलेले. अंगावर कुणाचं तरी रंगीत ब्लँकेट, दंडाला रक्तदाबाचा पट्टा. समोर ॲम्ब्युलन्सच्या हिरव्या गणवेशातली एक तरुण मुलगी उकिडवी बसलेली. आणि बाजूला आमच्या शेजारीणबाई, ड्रेसिंग गाऊनमध्ये, एका पायात रबरी चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी. या बाई माओरी, साठीच्या पुढच्या, आयुष्यभर नर्स म्हणून काम केलेल्या. चार वर्षांत आमचं बोलणं "किया ओरा" हा माओरी नमस्कार आणि "आज कचऱ्याचा दिवस ना?" याच्या पुढे गेलं नव्हतं.

बाबा आपल्या टेलिफोन खात्यातल्या इंग्रजीत त्या मुलीला ठासून सांगत होते, "मॅडम, आय ॲम टेलिंग यू. धिस इज व्हॉलंटरी व्हॉमिटिंग. नॉट डिसीज."

झालं होतं असं, की बाबांनी कोमट मिठाचं पाणी तांब्याने पिऊन लिंबोणीखाली कुंजल केलं होतं. म्हणजे वाकून, घशात बोटं घालून, प्यायलेलं सगळं पाणी पुन्हा बाहेर काढणं. शेजारीणबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं ते एक हडकुळे म्हातारे गृहस्थ झाडाला धरून भडाभडा ओकतायत. त्यांनी ॲम्ब्युलन्ससाठी १११ फिरवला आणि तशाच धावत आल्या.

मी त्या मुलीला समजावून सांगायला लागले.

"म्हणजे हे मुद्दाम?" ती म्हणाली.

"हो."

"मिठाचं पाणी? उपाशीपोटी?"

"हो. वर्षातून एकदा. शरीर साफ करायला."

तिने बाबांकडे बघितलं, मग पट्ट्यावरच्या आकड्यांकडे. "रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे यांचा," ती म्हणाली आणि आम्ही सगळे सुटल्यासारखे हसलो. मग तिने हळूच विचारलं, "पण तुम्ही फार बारीक आहात, सर. जेवण नीट जातं का?"

 मला वाटलं आता बघू म्हणतील.

"माय वाइफ एक्स्पायर्ड," ते म्हणाले.

आमच्या घरात येऊन तीन महिने झाले होते. तोवर हे वाक्य त्यांनी एकदाही उच्चारलं नव्हतं, मराठीतूनही नाही. मी मुलीला घट्ट धरून उभी राहिले. शेजारीणबाई ब्लँकेट सारखं करायच्या निमित्ताने त्यांच्या बाजूला पायरीवर बसल्या.

"माझाही गेला," त्या म्हणाल्या. "वर्षभर मी सिंकपाशी उभं राहून टोस्ट खात होते. ताट म्हणून वाढून घेतलंच नाही. कुणासाठी वाढायचं?"

बाबांनी मान हलवली. किती समजलं कोण जाणे. पण ती मान बराच वेळ हलत राहिली.

जाताना त्या मुलीने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की अशा वजनाला, अशा वयात, हा प्रकार पुन्हा करायचा नाही. बाबांनी शब्द दिला आणि पाळलाही. "कुंजल बंद. नेती चालेल, पोट भरेल असं खाणं चालेल," त्यांनी मला सांगितलं. जणू ती मुलगी त्यांची नवी वैद्य होती.

दुसऱ्या दिवशी शेजारीणबाई आल्या ते हातात पालेभाजीची एक भली मोठी जुडी घेऊन. ॲम्ब्युलन्स बोलावल्याबद्दल माफी म्हणून. त्यांच्या कुंपणाकडेला, आमच्या गवतात, सगळीकडे माजलेली ती भाजी. मी तण म्हणून उपटून टाकायचे.

"पूहा," त्या म्हणाल्या. "आम्ही उकडून खातो. डुकराच्या हाडांबरोबर."

बाबांनी एक देठ मोडला. पांढरा चीक आला. त्यांनी तो हुंगला, पान तोंडात टाकलं आणि डोळे मिटले.

"कच्चं नाही, कच्चं नाही!" शेजारीणबाई ओरडल्या. "फार कडू असतं!"

"पाथरी!" बाबा मला म्हणाले. "अगं, ही पाथरीची बहीण आहे. माझ्या आजोळी भाकरीबरोबर कच्ची खायचो आम्ही. वसंतात कडू खावं म्हणतात, पाडव्याला आपण कडुलिंब खातो तो उगाच नाही. मी इथे कडू कुठून आणू म्हणून विचार करत होतो, आणि हे दारात उगवलंय." मग शेजारीणबाईंकडे वळून, प्रत्येक शब्द सुटा करत, "सिस्टर. पोर्क, नो. मूग, येस."

नर्स म्हटल्यावर त्यांच्या हिशेबाने त्या सिस्टरच. त्यांनीही लगेच बाबांना कोरो म्हणायला सुरुवात केली. माओरीत कोरो म्हणजे आजोबा. माझी मुलगी सिस्टरना नॅन, म्हणजे आजी, म्हणायला लागली. एका सकाळीत सगळ्यांची नाती लागली.

ती भाजी आमच्या स्वयंपाकघरात झाली. सिस्टरनी नळाखाली पाला दोन्ही हातांनी चोळचोळ चोळला, हिरवं पाणी निघून जाईपर्यंत. त्याने कडूपणा कमी होतो म्हणे. बाबा शेगडीपाशी उभे राहिले. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती पण त्यांना शेगडीपाशी मी कधी बघितलं नव्हतं. "मोहरी कुठली आणि मेथीदाणे कुठले?" असं विचारण्यापासून सुरुवात. फोडणी करपली, पुन्हा केली. भिजवलेली मूगडाळ, लसूण, तो चोळलेला पूहा. चव थोडी कडू, थोडी ओळखीची, थोडी अजिबात अनोळखी. सिस्टर दोनदा वाढून घेऊन म्हणाल्या, "स्वीट ॲज, कोरो. एकदम मस्त. पण हाडं घातली तर आणखी बरं लागेल."

बाबा हसले. दात दिसतील इतके हसले.

मग गॅरेजमधला वर्ग सुरू झाला. मुद्दाम कुणी ठरवला नाही. बाबा सकाळी गॅरेजमध्ये सतरंजी टाकून आसनं करायला लागले, मी नेती शिकायला त्यांच्याबरोबर उठायला लागले, आणि सिस्टरना कुंपणापलीकडून आमचे आवाज जायचे. त्यांचा गुडघा दुखायचा, शिवाय मधुमेह. बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "गोळी सोडायची नाही. डॉक्टर आधी, मी नंतर." त्यांच्यासाठी जेवणाच्या टेबलाची खुर्ची गॅरेजमध्ये गेली. माझी मुलगी नेतीच्या भांड्याला 'एलिफंट' म्हणायची आणि नळी बाहुलीच्या नाकाला लावायची. रविवारी सिस्टरची बहीण यायची आणि नवऱ्याच्या ऑफिसातलं एक पुण्याचं जोडपं यायचं.

त्या जोडप्यातला नवरा आयटीतला, इंटरनेटवर वाचून आलेला. त्याला डिटॉक्स करायचं होतं. "काका, दहा दिवस फक्त लिंबूपाणी. हीप्स ऑफ लोक करतात. सगळे टॉक्सिन्स निघून जातात."

"आणि अकराव्या दिवशी?"

"अकराव्या दिवशी नॉर्मल."

"नॉर्मल म्हणजे पुन्हा बर्गर ना? अरे, शरीर म्हणजे तुंबलेली मोरी आहे का, बादलीभर पाणी ओतलं की झालं? रात्रीचं जेवण लवकर आण. थंड आणि तळलेलं सोड. जेवल्यावर लगेच लॅपटॉप नको. हे जमतं का बघ आधी."

"एवढंच?"

"एवढं कर. मग मला सांग, हे 'एवढंच' आहे का."

पुढच्या रविवारी तो खाली मान घालून आला. लवकर जेवणं एकाच दिवशी जमलं होतं. सगळ्यांत जोरात त्याची बायको हसली.

आमचा पंधरवडा असा काही फार कडक नव्हता. सकाळी सुंठीचं गरम पाणी, मग नेती, आसनं, थोडा प्राणायाम. खायला जवाची भाकरी किंवा जुन्या तांदळाचा भात, मुगाचं कढण, भरपूर भाज्या. दही, चीज, मैदा बंद. दुपारी झोपायचं नाही. मी कामावर डबा न्यायला लागले. पण मला त्या दिवसांतली जी गोष्ट सगळ्यांत जास्त आठवते ती यातली नाहीच.

पेनरोजहून सुटले की मोटरवेवर गाड्यांची रांग. मुलीला किंडीतून घ्यायचं, घरी पोचायचं आणि पर्स खांद्यावर असतानाच कुकर लावायचा, हे माझं रोजचं. त्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी दार उघडलं तर घरभर हिंगाजिऱ्याचा वास. टेबलावर ताटं मांडलेली. बाबा कमरेला टॉवेल खोचून उभे.

"बाबा, तुम्ही कशाला? मी आलेच होते ना."

"तू बस."

"नाही, मी निदान कोशिंबीर..."

"अगं, बस म्हटलं ना." त्यांनी खुर्ची ओढली. मी बसले. ते वाढायला लागले आणि पातेल्याकडे बघतच बोलले, "चाळीस वर्षं मी चैत्रात शोधन केलं. लोकांना वाटायचं काय संयमी माणूस. माझं कढण वेगळं, मुलांचं जेवण वेगळं, पाहुण्यांचं आणखी वेगळं. ते सगळं तुझ्या सासूबाई करायच्या. माझं हलकं खाणं सुरू झालं की त्यांचं काम दुप्पट. त्या कधी माझ्याबरोबर बसल्या नाहीत. कशा बसणार? रांधणार कोण?"

 कढणाची वाटी माझ्यापुढे आली. मीठ जरा जास्त होतं.

"कसं झालंय?"

"छान झालंय."

"खोटं बोलू नकोस. खारट आहे. उद्या नीट करीन."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांना वाटलं असावं, हे-फीव्हर. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. माहेर सुटल्यापासून कामावरून येऊन कुणी मला बस म्हणून वाढलं नव्हतं. नवरा मदत करायचा, नाही असं नाही, पण तयार ताटावर बसणं वेगळं. त्या दिवसापासून त्यांचा मुक्काम संपेपर्यंत संध्याकाळचं त्यांनीच केलं. नवराही मग शनिवार-रविवार त्यांच्या हाताखाली शिकायला लागला. बापलेक पोळी लाटताना भांडायचे, आणि मी लाउंजमध्ये त्याच हीटरजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायचे.

माझं हे-फीव्हर पार गेलं असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी पुष्कळ कमी होतं, गोळी काही दिवस विसरूनही जायचे. ते नेतीने, की कढणाने, की स्वस्थ बसायला मिळाल्याने, मला सांगता येणार नाही. बाबांचं वजन मात्र वाढलं. डिसेंबरात ते पुण्याला परत गेले तेव्हा नणंदेचा फोन आला, "अरे, यांना केलंत तरी काय? विमानतळावर बॅग स्वतः उचलून आले. आणि मला विचारतायत, स्वयंपाकघरात मोहरी कुठे ठेवतेस?"

पुढची दोन वर्षं बाबा मुद्दाम ऑगस्टमध्येच आले, फुलं यायच्या बेताला. दुसऱ्या खेपेला बॅगेत जुना मध आणि चार प्रकारची चूर्णं. प्रामाणिकपणे सगळं कस्टम्सच्या फॉर्मवर लिहिलेलं आणि बाहेरचा मध या देशात आणू देत नाहीत, त्यामुळे मध विमानतळावरच राहिला. बाहेर आले ते तावातावाने, "मी त्या पोराला सांगितलं, बाबा रे, वसंतात मध लागतो. तो म्हणे, आमच्या मधमाश्यांना तुमचा मध चालत नाही." मग मीच दुकानातून इथल्या मानुका झुडपाचा मध आणला. त्यांनी चाटून बघितला आणि म्हणाले, "हा मध नाही, हा काढा आहे," आणि रोज चमचाभर घेत राहिले.

त्या दोन वसंतांत गॅरेज भरून जायचं. गाड्या बाहेर रस्त्यावर, आत काँक्रीटवर जुन्या कार्पेटचे तुकडे, दार अर्धं उघडं ठेवलेलं, त्यातून येणारं कोवळं ऊन आणि ओल्या गवताचा वास. शवासनात कुणीतरी हमखास घोरायचं. वर्ग संपला की सिस्टर थर्मासमधून आल्याचा चहा ओतायच्या. त्यांनी मांस काही सोडलं नाही आणि बाबांनीही तो विषय काढला नाही. पण पंधरवड्यापुरतं त्या आमच्यासारखं खायच्या आणि म्हणायच्या की त्या दिवसांत गुडघा कमी कुरकुरतो. आता मागे वळून बघताना वाटतं, परदेशातली आमची सगळ्यांत सुखाची वर्षं तीच. तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा वाटायचं, घर भाड्याचं आहे, गॅरेज लहान आहे, स्वतःचं घर झालं की सगळं नीट करू.

२०१८ मध्ये बाबांच्या हृदयाचा त्रास निघाला. पुण्याच्या डॉक्टरांनी लांबच्या विमानप्रवासाला नाही म्हटलं. त्याच हिवाळ्यात सिस्टरना एकटीने घर सांभाळणं जमेना आणि त्या टौरंगाला लेकीकडे राहायला गेल्या. त्यांचं घर विकलं गेलं. जागा मोकळी करून तिथे तीन टाउनहाउस उभी राहायला लागली. त्या सप्टेंबरात मी एकटीने गॅरेजमध्ये सतरंजी टाकली. पलीकडे काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता. आठवडाभर रेटलं आणि सोडून दिलं.

गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०१९ मध्ये, सिस्टरच्या लेकीचा मेसेज आला. आई बोलावतेय, शनिवारी या. आम्ही तिघं पहाटे निघालो. टौरंगात शिरता शिरता बंदराकडे जाणाऱ्या ट्रकच्या आणि गाड्यांच्या गर्दीत अडकलो, त्यामुळे पोचायला उशीर झाला. लेकीने घरी न नेता परस्पर एका हॉलवर नेलं.

आत खुर्च्यांचं कडं. पंधरा-वीस म्हाताऱ्या बायका, दोन-तीन पुरुष. मध्ये सिस्टर, खुर्चीत बसलेल्या, हात वर. आणि मला जे ऐकू आलं त्याने मी दारातच थांबले.

"एक... दोन... टीन... चार..."

बाबा गॅरेजमध्ये श्वास मोजायचे ते मराठीतून. इंग्रजीत मोजलं की माझा ताल चुकतो म्हणायचे. सिस्टरनी ते तसंच्या तसं उचललं होतं. आणि त्यांच्यामागून ते सगळं कडं एका सुरात म्हणत होतं, "पाच... सहा... सात..." नवऱ्याने माझा दंड धरला. सात वर्षांची आमची मुलगी, जी घरात मराठीत एक वाक्य बोलत नाही, ती मोठ्याने म्हणाली, "नॅन, टीन नाही. तीन. ती-न."

"तीन," सिस्टर म्हणाल्या.

"तीन," सगळा हॉल म्हणाला.

वर्ग संपल्यावर त्यांनी मला मिठी मारली. बारीक झाल्या होत्या, काठी आली होती. आठवड्यातून दोनदा हा वर्ग घेतात म्हणे. कुणी शिकवलं विचारलं तर सांगतात, माझ्या एका भावाने.

दुपारी त्यांच्या लेकीच्या डेकवर बसून आम्ही बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. बाबा नणंदेच्या गॅलरीत बसलेले, अंगावर शाल. नवऱ्याने हॉलमधलं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फोन सिस्टरकडे दे."

सिस्टरनी फोन फार जवळ धरला. पडद्यावर बाबांना नुसतं त्यांचं कपाळ दिसत असणार.

"सिस्टर. शोल्डर्स डाउन. नेक, लाँग."

"येस, कोरो." त्यांनी खरोखर खांदे खाली घेतले.

"लंच?"

"फिश अँड चिप्स," त्यांनी सांगून टाकलं.

बाबांनी शाल सारखी केली. "ओके. एन्जॉय. टुनाइट, लाइट फूड."

"येस, कोरो."

मग दोघांनाही पुढे काय बोलावं सुचेना. इंग्रजी दोघांचं संपलं असं नाही, सिस्टरची तर ती भाषाच. पण सिस्टरनी फोन जरा लांब धरला आणि दोघं नुसते एकमेकांकडे बघत राहिले. नणंद मागून म्हणाली, बाबांची गोळीची वेळ झाली. त्यांनी हात वर केला. फोन बंद झाला. सिस्टरनी तो माझ्या हातात दिला, काठी घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, "चला, चिप्स गार होतायत." आम्ही तिघांनी चिप्स घेतल्या, मासा त्यांच्याकडे सरकवला, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच उन्हात बसून राहिलो.